रात्रीत उतरणारी बॅटरी

मांडवगण फराट्यात गाडीची बॅटरी का उतरते हे वायरिंगवाल्या बन्यामीनला विचारावं, असं सगळेच सांगतात. म्हणून बुधवारी इंद्रजीतने त्याला घरी बोलावलं. सोमवारी सकाळी गाडी चालूच झाली नव्हती. दुसरी गाडी मिळवून दौंडला पोचेपर्यंत त्याच्या वडिलांचा, मारुतरावांचा, डायलिसिसचा नंबर दुसऱ्याला गेला होता. आता त्यांचे पाय सुजले होते आणि गुरुवारचा नंबर अजिबात चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बन्यामीनने किल्ली काढून बॅटरीच्या तारेत मीटर जोडला. गाडी बंद असूनही काहीतरी करंट खात होतं. त्याने एकेक फ्यूज काढून पाहिला, पण आकडा हलेना. म्हणजे खाणारं जे होतं ते थेट बॅटरीला जोडलेलं होतं. खरं तर एवढ्यासाठी मीटरचीही गरज नव्हती. डॅशबोर्डवर रांजणगावच्या गणपतीची तसबीर होती आणि तिच्याभोवती लाल-पिवळ्या बल्बांची माळ भर दुपारीही मिणमिणत होती. मारुतरावांची किडनी गेली तेव्हा त्यांच्या बायकोने, विठाबाईंनी, ती लावून घेतली होती. किल्ली काढली तरी ती विझता कामा नये, ही त्यांची अट होती.

बन्यामीन शिरूरच्या ख्रिस्ती घरातला. एरवी याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण इथे मात्र दातखीळ बसली. दुसऱ्याच्या देवापुढचा दिवा काढा म्हणून सांगायचं, आणि तेही आपण? त्याने संध्याकाळी बॅटरी चार्ज करून परत बसवली आणि इंद्रजीतला म्हणाला, "जुनी झालीया बॅटरी. रातच्याला ही निगेटिव्हची तार काढून ठेव, सकाळी लाव. झालं."

का काढायची, ते सांगितलं नाही. साप मरावा आणि काठीही तुटू नये, असा त्याचा बेत. मला विचाराल तर हा भित्रेपणा झाला. आमच्याकडे त्याला सभ्यपणा म्हणतात.

गुरुवारी सकाळी गाडी पुन्हा ठप्प. इंद्रजीतचा फोन गेला तसा बन्यामीन दुकानातली बॅटरी मोटारसायकलवर टाकून आला. बॉनेट उघडून बघतो, तर तार जागच्या जागी.

"तार काढली न्हाईस व्हय रं?"

"काढली व्हती की," इंद्रजीत म्हणाला.

"म्या लावली," विठाबाई म्हणाल्या. "रातच्याला बघितलं तर दिवा इझलेला, बॉनेट उघडलं तर तार सुटलेली. यांच्यासाठी लावलेला दिवा, कसा इझू द्यायचा?"

बन्यामीन खाली बघू लागला. विठाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माळेकडे.

"ही माळच बॅटरी खाती व्हय?"

"व्हय, काकी."

"तुला कालच म्हायती व्हतं?"

"व्हय. पण तुमच्या देवाचं काम. मी कसं बोलू?"

ओट्यावर पाय लांब करून बसलेले मारुतराव हळूच म्हणाले, "त्याच्यावर नको चिडू. मला सोमवारीच कळलं व्हतं. पर तू माझ्यापायी लावलीस ती. काढ म्हणायला जीभ रेटंना."

विठाबाईंना राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटली होती. त्या गाडीत वाकल्या आणि एका हिसक्यात माळेची तार उपटून काढली.

"त्याला माझ्या देवाची भीड, तुम्हाला माझी भीड," त्या म्हणाल्या. "आन् तुमच्या भिडंपायी मी कुकू पुसून बसले असते!"

बन्यामीनने दुसरी बॅटरी बसवली, इंद्रजीतने किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. मारुतरावांना धरायला बन्यामीन पुढे झाला, तर विठाबाईंनी त्याचा हात बाजूला सारून नवऱ्याला स्वतःच आत बसवलं. मग मागचं दार उघडं धरून त्या त्याच्याकडे वळल्या.

"बस तूबी. आन् वाटंत काय दिसलं, तर तोंड उघड."