नाव घातलेली किटली

मी एक जुनी दुधाची किटली आहे, मित्रांनो. पाच लिटरची, ॲल्युमिनियमची, डाव्या कुशीला पोचा पडलेली. आणि मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाबद्दल वाकडे बोलले तर तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ते बारामतीच्या बाजारातले भांड्यांचे दुकान. पणदऱ्याच्या बानूबाई कोकरे तिथे आल्या, त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हिच्यावर नाव घाल बाबा. डेरीत समद्या किटल्या सारख्याच दिसत्यात." दुकानदाराने ते टरटर करणारे यंत्र माझ्या अंगावर टेकवले. टोचले फार, पण ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटले : 'ऋतिक कोकरे, पणदरे'. ऋतिक हा त्यांचा मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा. घरातल्या ताटांवर, तांब्यांवर, सगळीकडे त्याचेच नाव होते. पण माझ्यावरचे सर्वांत ठळक होते, हे मी कुणाही भांड्यासमोर सांगेन.

रोज सकाळी ऋतिक मला डेरीत नेई. दूध घालून झाले की परतताना मी रिकामी. मग तो झाकण काढी आणि माझ्या तोंडाशी तोंड लावून बोलू लागे. त्याचा किनरा आवाज माझ्या पोटात फिरून बाहेर येई, तो चांगला जाडजूड बाप्याचा होऊन. पहिला आवाज त्याने काढला तो आजोबांचा. म्हस्कू आबांनी अर्धे आयुष्य मेंढरांमागे रानोरान काढले होते. पुढे ते शेती करू लागले, तरी समोरच्या माणसाशीही दोन शेतांपलीकडे हाक मारावी तसे बोलत. ऋतिक माझ्यातून ओरडे, "ए मालक, फॅट कमी कशी लागती? म्हस तीच हाय, तुझं यंत्र बदललं का?" डेरीसमोरची माणसे पोट धरून हसत. असेच हसता हसता एकदा त्याच्या हातून मी दगडावर पडले. तोच हा पोचा. मला त्याचा कधी राग आला नाही.

पुढे त्याने सिनेमातल्या विजयसिंहाचा आवाज उचलला. तो खर्जातला, थांबून थांबून बोलणारा नायक तुम्हाला माहीतच असेल. मग पुढारी मानसिंगराव आले, क्रिकेटचे समालोचक आले. सगळे आधी माझ्या पोटातून गेले, मग जगापुढे. मी त्याची पहिली श्रोती होते आणि पहिली साथीदारही. हे सुख किती टिकेल, असा विचार करायची बुद्धी मला तेव्हा नव्हती.

बारामतीच्या कॉलेजात स्नेहसंमेलन झाले आणि तिथे त्याच्या हातात माइक आला.

काळा, गुळगुळीत, डोक्यावर स्पंजची टोपी. ना धरायला कडी, ना दुधाचा कधी वास. पण ऋतिक त्यात नुसता खाकरला तरी शेवटच्या बाकापर्यंत टाळ्या पडल्या म्हणे. महिन्याभरात त्याने स्वतःचा माइक घेतला. त्याला मऊ गादीची पेटी होती. मला कधी गोणपाटाचा तुकडाही कुणी अंथरला नव्हता. हळदीचे कार्यक्रम, दुकानांची उद्घाटने, कारखान्याचे मेळावे, सगळीकडे तो मेला माइक त्याच्याबरोबर. ऋतिकचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले, त्यांतही त्याच्या ओठांना चिकटलेला तोच. माझ्या अंगाचा तिळपापड होई. डेरीसाठी घरात मोठा स्टीलचा कॅन आला, माझ्यात सरकी भिजू लागली, आणि एकदा तर एक कोंबडी माझ्यात अंडे घालून गेली. तेही मी सोसले. पण तो माइक रोज संध्याकाळी फडक्याने पुसला जाई, ते मला सोसवत नव्हते.

अशात ऋतिकच्या नशिबाने एक मोठी संधी चालून आली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला शाळेच्या समारंभात त्याचा कार्यक्रम होता. टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमासाठी कलाकार निवडणाऱ्या अश्लेषाबाई पुण्याहून त्याला बघायला येणार होत्या. त्यांना आवडला तर मुंबई, नाही तर पुन्हा हळदी आणि उद्घाटने. घरात सगळ्यांची झोप उडाली होती.

आदल्या दिवशी बानूबाई गुपचूप माइक घेऊन बारामतीला गेल्या आणि आल्या त्या हसत. ऋतिकने पेटी उघडली नि तो ओरडलाच. काळा रंग खरवडून ठिपक्याठिपक्यांनी लिहिले होते : 'ऋतिक कोकरे, पणदरे'.

"आई! हे काय भांडं हाय का?"

"मग काय देव हाय? समद्यांचे माइक सारखेच काळे. बदलला म्हंजी?"

ऋतिकने माइक लावून पाहिला. जरा खरखरला, पण चालला. मी मात्र कोपऱ्यात जळून खाक झाले. आवाज गेला, हात गेला, राहिले होते ते एक नाव. तेही आता त्याच्या अंगावर? मी मनात म्हणाले, मर मेल्या.

सकाळी आमची निघायची वेळ झाली. आमची म्हणते, कारण मीही निघाले होते. गाय नुकतीच व्याली होती आणि बावड्यात ऋतिकच्या मामांकडे खरवसासाठी चीक द्यायचा होता. स्टीलचा कॅन डेरीत गेलेला, म्हणून मला घासूनपुसून घेतले. बावड्याला पोचल्यावर मामींनी चीक ओतून घेतला आणि माझ्यात गुळाचा खडा टाकला. "रिकामं भांडं परत न्यायचं न्हाय," त्या म्हणाल्या. मग बानूबाई मला मांडीवर घेऊन शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी अश्लेषाबाई होत्या.

ऋतिकने मानसिंगराव केले, लोक हसले. विजयसिंह सुरू केला. खर्ज लावला, थांबला, आणि माइक खर्र करून बंद पडला. त्याने तो झटकला, तळव्यावर आपटला. काही नाही. साउंडवाला अजित दुसरा माइक आणायला शाळेमागच्या टेम्पोकडे पळाला. मुले कुजबुजू लागली. ऋतिकच्या कपाळावर घाम आला. अश्लेषाबाईंनी घड्याळ पाहिले आणि पर्सची चेन ओढली.

खोटे कशाला सांगू, मित्रांनो? पहिल्या क्षणी मला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी मी ऋतिकचे तोंड पाहिले. डेरीसमोर मला पाडल्यावर झाले होते, तसेच ते रडवेले झाले होते. मग तो आनंद कुठल्या कुठे गेला.

"ऋतिक," बानूबाईंनी मला वर उचलले, "ह्यात बोल."

तो लाजेने लाल झाला. मग मंचावरून उडी मारून खाली आला, माझे झाकण काढले आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडाशी तोंड लावले. मी विजयसिंहाची वाट पाहत होते. पण माझ्यातून गरजले ते म्हस्कू आबा.

"ए बानू! माइकाला नाव घातलंस व्हय? आता खुट्याला बांध त्येला, म्हंजी पळायचा न्हाय! सरकी बी घाल. उद्या फॅट लागंल!"

पुढच्या रांगांत हास्याचा कल्लोळ उठला. ऋतिकने मला हलवले, आत गूळ खडखडला. "ह्यात काय वाजतंय? माझा दात हाय का?" म्हणत त्याने खडा काढून तोंडात टाकला आणि चघळत चघळत, आबांसारखाच, बानूबाईंशी भांडू लागला. बानूबाईही बसल्या जागेवरून उलट उत्तरे देऊ लागल्या. अजित माइक घेऊन धावत आला, तेव्हा ऋतिकने त्याला तो माझ्या तोंडापुढे धरायला सांगितले. तोवर पुढच्या रांगाच हसत होत्या. आता पार कुंपणालगत उभी असलेली माणसेही हसू लागली. इतक्या लांब मी कधी पोचले नव्हते. माझे काही कमी न करता माइकने मला तिथवर नेले होते.

कार्यक्रम संपल्यावर अश्लेषाबाई म्हणाल्या, "विजयसिंह मला आठवड्याला दहा जण करून दाखवतात. किटलीतले ते कोण होते?"

"आमचे आबा."

"मुंबईला येताना त्यांनाच घेऊन या. आणि ही किटलीसुद्धा."

मी फुगले, हे काय सांगायला हवे? पण परतताना गाडीत तो बंद पडलेला माइक माझ्या शेजारी पडला होता. तेच नाव, तेच ठिपके. त्यालाही माझ्याइतकेच टोचले असणार. मी पोकळ म्हणून निभावले, त्याच्या पोटात नाजूक तारा होत्या. आणि मी त्याला मर म्हणाले होते. मला फार वाईट वाटले.

आता ऋतिक टीव्हीवर दिसतो, आणि त्याच्या हातात मीही. आबांचा आवाज घरोघरी पोचला आहे, आणि आबा म्हणतात, "ह्यो मी न्हायच, मी हळू बोलतो." ऋतिकने नवा माइक घेतला आहे. बानूबाईंना आपली चूक अजून पटलेली नाही. "नाव घातल्यानं कुठं काय मरतंय? ही किटली बघ की. त्येची वायरच कच्ची व्हती," असे त्या म्हणतात. म्हणून आम्ही गावी आलो की ऋतिक नवा माइक जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या पोटात लपवतो.

परवा बानूबाई बाजाराला निघाल्या होत्या. जाता जाता त्यांनी मला उचलले, हलवले. "ह्यात काय वाजतंय?" त्यांनी झाकण ओढले. माझे झाकण नेहमी सैल असते, बोट लावले तरी निघते. मला वाटले असते तर तो नवा त्या क्षणी नाव घालायच्या यंत्राखाली गेला असता. पण मी पोच्यासकट सारे अंग आवळून धरले. त्यांनी पिळून पाहिले, बुक्की मारली, आणि "गूळ आसंल" म्हणत मला जागेवर ठेवून त्या गेल्या.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना घासून उन्हात पालथे घालत जा. आणि घरात काही नवे आणले, तर त्या दिवशी जुन्यावरूनही एकदा हात फिरवा. आम्ही बोलत नाही, पण आम्ही फार जळतो.

तो नवा आत्ताही माझ्या पोटात झोपला आहे. मी त्याला जपते. पण नाव माझ्यावर आहे, त्याच्यावर नाही.