साठ गणपती नैरोबीला

नैरोबीत कांदा काय भावाने मिळतो हे जोह्यातल्या हरेशच्या गणपतीच्या कारखान्यात आधी कळायचं, पेणच्या बाजारातला भाव मागाहून. हरेशची धाकटी बहीण नमिता सहा वर्षांपासून तिकडे होती. तिचा फोनवर निरोप आला की हरेश तो मोठ्या आवाजात लावायचा आणि गणपती रंगवणाऱ्या बाया हात न थांबवता ऐकायच्या. मक्याच्या पिठाचं पाकीट कितीला झालं, पेट्रोल चढलं की त्याच संध्याकाळी गाडीवाले भाडं कसं चढवतात, सरकारने पावावर कर बसवायचं काढलं तेव्हा कॉलेजची पोरं रस्त्यावर कशी उतरली, दुकानांची शटरं भरदुपारी कशी खाली आली, सगळं जोह्यात ठाऊक होतं.

"पावावर कर?" तेव्हा रंगवणाऱ्या बायांतली अनिता म्हणाली होती. "आपल्याकडं बसवला तर वडापाववाले पहिले मोर्चा काढतील."

"तुझी मस्करी गो," धोंडुबाई म्हणाली. "तिकडं सकाळचा पाव नि चहा म्हणजे घरचं जेवण हाय. त्याच्यावर हात घातला की पोरं गप बसतील काय?"

जणू कालच नैरोबीहून एसटीने उतरली होती. धोंडुबाई म्हणजे हरेश आणि नमिताची आई. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. चाळीस वर्षं तिने गणपतीचे डोळे आखले. हात कापायला लागला तेव्हा आपणहून ब्रश खाली ठेवला आणि मूर्तींची बुडं बंद करायचं काम घेतलं. मूर्ती आतून पोकळ असते. काथ्या आणि ओलं प्लास्टर लावून ती खालून बंद करायची, त्याला थरथरता हात चालतो.

आफ्रिकेचं राजकारण तिला कळायचं ते धरमतरच्या खाडीवरून. तिचं माहेर मिठागरातलं. मिठाच्या राशी बापाने घालायच्या आणि भाव व्यापाऱ्याने होडीतून उतरता उतरता सांगायचा. पांढरंशुभ्र मीठ मुंबईला जायचं आणि घरच्या कालवणात मातकट पडायचं. तिकडे डोंगरभर चहा पिकतो, पण चांगली पत्ती बाहेरदेशी जाते आणि दुकानात चुरा उरतो, असं नमिताने सांगितलं तेव्हा धोंडुबाईला दोनदा समजवावं लागलं नाही.

या वर्षी मात्र तिकडची महागाई घरात शिरली होती. नमिताचा नवरा निकेश मूळचा खांबचा, आधी रोह्याच्या कंपनीत रंगखात्यात शिफ्ट करायचा. तिथूनच नैरोबीच्या एका रंगाच्या कारखान्यात गेला. आता त्या कारखान्याला बाहेरून येणारा माल परवडेना, विजेचं बिल परवडेना. आठवड्याचे चारच दिवस काम राहिलं. तेव्हा नमिताने कंबर कसली. तिकडच्या मराठी-गुजराती घरांतून फिरून तिने गणपतीच्या ऑर्डरी गोळा केल्या. दीड-दीड फुटांच्या साठ मूर्ती. त्यांच्या विक्रीवर तिला तिकडे स्वतःचं छोटं दुकान सुरू करायचं होतं. मंगळवारी त्या टेंपोने पेणच्या गोदामात गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी कंटेनर भरायचा होता.

गुरुवारी दुपारी तिचा निरोप आला.

"दादा, एक नीट ऐक. पेट्यांमध्ये मूर्तीशिवाय काही घालू नकोस हां. इकडच्या सरकारला पैसा कमी पडतोय, म्हणून बंदरावर या वर्षी पेटी न् पेटी उघडतात. धान्याचा एक दाणा सापडला तरी सगळा माल अडकवतात. मागे एका दुकानदाराचा अडीच महिने पडून होता. माझं तसं झालं तर चतुर्थीनंतर ते गणपती कोण घेणार? मग मात्र आम्ही गाशा गुंडाळून खांबला परत येऊ. दुकानाची पाटी रंगवून ठेवलीय मी. माल आल्याशिवाय लावायची नाही, असं निकेशला सांगितलंय."

"धान्य कोण घालतंय गणपतीबरोबर," हरेश हसून म्हणाला आणि वखारीकडे गेला.

धोंडुबाईच्या हातातलं प्लास्टर हातातच घट्ट होऊ लागलं.

दिवाळीत नमिता बोलता बोलता म्हणाली होती, की तिकडच्या भारतीय दुकानात अर्धा किलो पोहे घ्यायचे तर पाकीट उचलून पुन्हा खाली ठेवावं लागतं. ते धोंडुबाईच्या मनात रुतून बसलं होतं. इतकी मोठमोठी पोटं आफ्रिकेला रिकामी कशाला पाठवायची? मग बुडं बंद करताना कोणाला न सांगता तिने नऊ गणपतींच्या पोटात पेणचे पोहे, पापड आणि कडवे वाल पिशव्यांत बांधून बसवले होते. नमिता मूर्ती उघडेल कशी, देवाचं पोट फोडायचं कोणी, हा विचार तिने पुढे कधीतरी करायचं ठरवलं होतं.

ती उठून पडवीत जाऊन बसली. गप्प राहिलं तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. माल अडकेल. नमिताची आठ वर्षांची लेक भूमिका, रागावली की आजीला न कळणाऱ्या भाषेत भांडणारी, खांबच्या शाळेत जाईल. खांब म्हणजे एसटीने दीड तास. दर रविवारी जाता येईल. कोणाला कळणारही नाही की हे आजीच्या पोह्यांनी झालं. लेक जवळ यावी म्हणून इतकी वर्षं जे मागितलं, ते आपसूक पदरात पडत होतं.

तिला तिची आय आठवली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मिठाचा हंगाम आला, तेव्हा आय तिला मिठागरावर कामाला न्यायला जोह्यात आली होती. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात पहिल्यांदा तिच्या हातात ब्रश दिला होता. आय दारात तासभर बसून बघत राहिली. मग पिशवी उचलली, 'येते गो' म्हणाली आणि एकटीच बसला उभी राहिली. हंगामाचं एक अक्षर बोलली नाही.

"अनिता, तो नमूचा निरोप परत लाव गो."

अनिताने लावला. पाटीचं सांगताना नमिताचा आवाज कसा हौसेने वर चढत होता, ते या खेपेला धोंडुबाईने ऐकलं.

"हरेशला बोलव," ती म्हणाली.

हरेशने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. "आये, सुकट पण घातलीस काय?"

"देवाच्या पोटात सुकट घालायला मी येडी हाय काय?"

शुक्रवारी सकाळीच दोघं गोदामात पोचली. राखणदार हैबतराव साठ पेट्या परत उघडायच्या म्हणून कुरकुरत होता.

"कुठले नऊ ते आठवतंय का म्हातारे?"

"नाय. सगळे सारखेच दिसतात. पण हाताला कळंल."

हरेश एकेक मूर्ती आडवी धरायचा. धोंडुबाई पोटावर बोटाने टिचकी मारायची आणि कान लावायची. रिकामी मूर्ती खणखणायची, भरलेली दबकी बोलायची. हैबतराव आधी हसला, मग स्वतःच पेट्या उघडून द्यायला लागला. "डॉक्टरीणबाई, पुढचा पेशंट," म्हणून. चाळिसाव्या पेटीपर्यंत सात सापडले. आठवा बावन्नाव्या पेटीत. नववा अगदी शेवटच्या पेटीत निघाला, तोवर धोंडुबाईचं बोट सुजलं होतं.

बुडं फोडून पिशव्या बाहेर काढल्या. आतून पुसून, एक वालही राहिला नाही हे बॅटरीने बघून हरेशने नवं प्लास्टर लावलं. तेवढ्यात नमिताचा फोन आला. हरेशने तिला सगळं सांगितलं आणि फोन आईच्या हातात दिला.



"आये," नमिता पलीकडून म्हणाली, "तू गप्प बसली असतीस, तर मी घरी आले असते गो."

"व्हय. ठावं हाय मला."

"मग?"

धोंडुबाईने समोर बघितलं. नऊ गणपती चिंध्यांच्या गादीवर पालथे पडले होते आणि त्यांची बुडं अजून ओली होती. पाचला गाडी लागणार होती. तिने पेटीचा एक पुठ्ठा फाडून हातात घेतला.

"मग काय. आता फोन ठेव बाय," ती वारा घालत म्हणाली. "प्लास्टर सुकायचंय. तुझा माल आज निघायला पायजे."