गाडीच्या सावलीत

नासिलेलेने कमरेला हात देऊन आईला वर ढकललं, तेव्हा कुठे ती तिच्या घेरदार झग्यासकट गाडीच्या पुढच्या सीटवर मावली. सणासुदीचा झगा होता. वर खांद्यावरून शाल.

"रानात जायचंय आई, लग्नाला नाही."

"मग सिंहापुढे फाटक्यात जाऊ? म्हणेल, मुबिताच्या आईला धड कपडासुद्धा नाही!"

मुबिता नासिलेलेचा थोरला भाऊ. मोंगू शहरात त्याचं कापडाचं दुकान होतं. बहिणीने उघड्या गाडीतून पाहुण्यांना प्राणी दाखवत हिंडावं, हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. म्हणून त्याने आईला नदीपार धाडलं होतं: एकदा डोळ्यांनी बघ, आणि जिवाला धोका दिसला तर तिला घेऊनच ये. आईचा शब्द नासिलेलेने आजवर मोडला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नासिलेले कामाला होती त्या तळावर आज कुणी पाहुणे नव्हते. तसेही या गवताळ मैदानात वर्षाकाठी मोजकेच लोक येत. पावसानंतर कुठली वाट धड राहिलीय हे तिला बघायचं होतं, निघताना तिने आईलाही सोबत घेतलं.

नवं गवत कोवळं होतं. विल्डबीस्ट या गुरांसारख्या दिसणाऱ्या रानटी हरणांचे कळप क्षितिजापर्यंत पसरलेले, त्यांची नवी पिल्लं काटकुळ्या पायांवर धडपडत होती. आईचं तोंड एक क्षणही मिटत नव्हतं.

"एवढी गुरं, आणि राखणदार एकसुद्धा नाही? कुणाची म्हणायची?"

"कुणाचीच नाहीत."

"म्हणजे वायाच की!"

तेवढ्यात मागचं चाक चिखलात रुतलं. नासिलेले फावडं घेऊन उतरायला निघाली. एक पाय खाली टेकलाही. मग गवत हललं आणि तिने तो पाय हळूच वर घेतला.

सिंहीण होती. मागे दोन छावे. ऊन माथ्यावर आलेलं, मैदानात झाड औषधालाही नाही. सावली काय ती एकाच वस्तूची, या गाडीची. सिंहीण सरळ आली आणि आईच्या बाजूला चाकाला पाठ लावून आडवी झाली.

"उठू नकोस. हात आत घे. हळू बोल," नासिलेले म्हणाली. हा आवाज ती पाहुण्यांसाठी वापरायची. आईशी या आवाजात ती कधी बोलली नव्हती.

आईने हात आत घेतले.

"किती वेळ?" तिचे ओठसुद्धा हलले नाहीत.

"तिच्या मनात असेल तेवढा."

"आणि तिने वर बघितलं तर?"

"बघू दे. बसून राहिलो तर तिच्या लेखी आपण नुसती गाडी. मी आहे ना."

एका छाव्याला झग्याची लोंबती झालर सापडली. त्याने ती पंजाने ओढली.

"सोड मेल्या," आई पुटपुटली.

नासिलेलेने बोटाबोटाने कापड वर ओढून घेतलं. छावा कंटाळून सिंहिणीच्या कुशीत शिरला. नासिलेले समोर बघत बसली. झालं, संपलं, तिला वाटलं. उद्या मोंगू. मग दिवसभर गजाने कापड मोजायचं आणि दारातून रस्ता बघायचा.

इतक्यात तिच्या खांद्यावर भार आला. आईला भोवळ आली की काय म्हणून तिने घाबरून मान वळवली. आई घोरत होती. बारीक, अगदी घरच्या चटईवर झोपल्यासारखी.

ऊन कललं तशी सिंहीण उठली, आळोखेपिळोखे देऊन कळपांच्या दिशेने निघून गेली. छावे तिच्या मागे. नासिलेलेचा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता. तिने तो हलवला नाही.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले.

"गेली?"

"केव्हाच."

"मग उठवलं का नाहीस?"

नासिलेलेने बधिर हात चोळला. मग न राहवून तिने विचारलं, "मुबिताला काय सांगशील?"

"मी काय सांगणार? मी झोपले होते."

आई झगा गुडघ्यापर्यंत खोचून खाली उतरली. फावडं तिनेच हातात घेतलं. तिचा जन्म नदीकाठच्या शेतात गेलेला, चिखल कुठून उपसायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चाक मोकळं झालं. आई पाय पुसून पुन्हा वर चढली, या खेपेला कुणाचा हात न घेता.

नासिलेलेने गाडी तळाच्या दिशेने वळवली.

"इकडे कुठे?" आई म्हणाली. "अजून ऊन आहे की."