टाके कोण घालणार

दोन जावा एका घरात राहिल्या की भांड्याला भांडं लागतंच. पण त्याच दोघी एका दुकानातही बसल्या, तर दिवसाचे बाराही तास भांडी वाजत राहतात, फक्त आवाज बाहेर येत नाही. थोरली आणि धाकटी अशा एकोणीस वर्षं एका दुकानात बसत होत्या. धाकटी पुढे, काचेच्या दाराशी, टेबलामागे. थोरली आत, पडद्याआड, दिव्याखाली.

दुकान रफूचं. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणाच्या बाहीला सिगारेटनं भोक पडलेलं, कुणाची लोकरी शाल खिळ्याला अडकून फाटलेली. थोरली त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसून काढायची आणि भिंगाखाली धरून, ताण्याला ताणा, बाण्याला बाणा लावून भोक बुजवायची. आठवड्यानं गिऱ्हाईक यायचं, कपडा उजेडात धरायचं, उलटसुलट करून बघायचं आणि म्हणायचं, "वा मॅडम, कमाल केलीत!"

मॅडम म्हणजे धाकटी. ती गोड हसायची. 'मी नाही हो, आत माझी जाऊ बसते, तिचं काम,' एवढं म्हणायला तिची जीभ काही झिजली नसती. पण हसण्यातच वेळ निघून जायचा आणि गिऱ्हाईकही. थोरली पडद्याआडून हे ऐकायची, सुईत दोरा ओवायची आणि गिळायची. गिळलं म्हणून पचलं असं नव्हे.

धाकटी दिसायला देखणी होती, हे थोरलीही नाकारत नसे. तिचा राग देखणेपणावर नव्हताच. राग होता तो त्या देखणेपणाला आपल्या हातचं काम फुकटात चिकटायचं त्याचा. त्यामुळे पन्नाशी गाठता गाठता धाकटीच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल पडून डोळ्यांवर उतरायला लागली, तेव्हा थोरलीला जरा बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, जरा नाही, चांगलंच बरं वाटलं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मॅडम, झोप नाही झाली का?" आणि आत बसलेल्या थोरलीचा हात त्या दिवशी भलताच हलका चालला.

पण धाकटी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पापण्यांची वाढीव कातडी कापून टाके घालून देतात, असं तिला कळलं. इथल्या नावाजलेल्या डॉक्टरांकडे वर्षभराची रांग, आणि नुसत्या रूपासाठी आलेल्याला रांगेच्याही शेपटाला उभं करतात. परदेशात मात्र लगेच होतं. झालं. तीन परदेशी दवाखाने तिनं निवडून ठेवले आणि एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर आत हाक मारली.

"जाऊबाई, जरा बाहेर या. भिंग घेऊन या."

"कशाला? उवा बघायच्यात का?"

"उवा तुमच्या डोक्यात असतील. टाके बघायचेत. या ना."

टेबलावर धाकटीनं टॅब उभा करून ठेवला होता. पहिला दवाखाना उघडला तर डोळ्यांपेक्षा पोहण्याचा तलावच मोठा दिसत होता.

"हा दवाखाना आहे की लग्नाचं कार्यालय?" थोरली म्हणाली.

"तेच म्हणते मी. हा नको. आता हा बघा, दुसरा." धाकटीचा आवाजच बदलला. चांदीसारखे केस, हसरा चेहरा, पांढराशुभ्र कोट, भिंतीवर बक्षिसांच्या पाट्या. "मोठा डॉक्टर आहे. जगभरातून बायका येतात याच्याकडे. आणि हा तिसरा."

तिसऱ्याच्या पानावर काहीच नव्हतं. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक डॉक्टरीण, आणि खाली बायकांचे मिटल्या डोळ्यांचे फोटो. दुसऱ्या दिवशीचे सुजलेले, सातव्या दिवशीचे निळेपिवळे, तीन महिन्यांनंतरचे साधे. पावडरकुंकवाविना काढलेले.

"हिला स्वतःचा चष्मा सुटेना, ही माझे डोळे काय सुधारणार?" धाकटी हसली. "मला दुसराच आवडलाय. पण तुम्ही टाके बघून सांगा. टाक्यातलं तुम्हालाच कळतं."

हे वाक्य तिनं दुकानात कुणी नसताना म्हटलं, हे थोरलीच्या ध्यानात आलं. तरीही तिला बरं वाटलं. तिनं चांदीच्या केसांच्या डॉक्टरचे फोटो मोठे करायला लावले. सगळ्यात वर सातव्या दिवशीचे तीन फोटो होते, तीन बायकांचे. थोरली वाकली. भिंग लावलं. एकेक टाका बघत गेली.

पहिल्या बाईच्या उजव्या पापणीवरचे टाके नाकाकडे कलले होते. दुसरीच्या उजव्या पापणीवरचे कानाकडे. असं एका माणसाच्या हातून होत नाही. उजव्या हाताचा टाका एकीकडे कलतो, डावऱ्याचा दुसरीकडे. तिसऱ्या बाईचे तर कुठं जवळ, कुठं लांब, आणि दोरा इतका ओढलेला की कातडीला चुणी पडलेली. असे टाके थोरलीनं आयुष्यात एकदाच घातले होते, शिकायला लागली त्या पहिल्या महिन्यात. म्हणजे काय, ते उघड होतं. शिंप्याच्या दुकानात गळ्यात टेप घालून पुढे उभा राहतो तो मास्तर कापून देतो आणि पडद्याआड बसलेलं कुणीतरी शिवतं. तिथंही पडदा होता. आणि पडद्याआड एकटंदुकटं नव्हे, तिघं होते. त्यातलं एक अजून शिकत होतं.

ती तोंड उघडणार, इतक्यात दाराची घंटी वाजली. कोट न्यायला एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांच्या वडिलांचा कोट, खांद्यापाशी कसरीनं चाळण केलेली. थोरलीनं त्या कोटावर नऊ दिवस डोळे फोडले होते. म्हाताऱ्यांनी खांद्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मॅडम, तुमच्या हाताला तोड नाही," ते धाकटीला म्हणाले. "देवाची देणगी आहे."

थोरली भिंग हातात धरून दोन हातांवर उभी होती. धाकटी हसली. मान जराशी कलती करून, गोड. म्हातारे कोट छातीशी धरून निघून गेले.

"हं, तर कसा वाटतो हा दुसरा?" धाकटी टॅबकडे वळली.

"छान आहे," थोरली म्हणाली.

"आणि टाके?"

"छान आहेत म्हटलं ना."

ती आत गेली. पडदा ओढून घेतला.

पुढचा महिनाभर तिनं टाक्यांचा विषय काढला नाही. धाकटीचं वाईट व्हावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. थोडंसं वाकडं व्हावं, इतकंच. एक डोळा दुसऱ्याहून सुताएवढा उघडा राहावा. गिऱ्हाइकानं बघावं आणि विचारायचं टाळावं. एवढी माफक इच्छा करायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. पण मग कातडीची ती चुणी डोळ्यांपुढे यायची, आणि चुणीच्या खाली धाकटीचा खराखुरा डोळा असायचा, तांबूस बुबुळाचा, हसताना बारीक होणारा. थोरली सुई खाली ठेवायची. पाणी प्यायची. परत सुई उचलायची.

त्यात धाकटीनं एक दिवस म्हटलं, "जाऊबाई, सोबतीला तुम्ही चला. दहा दिवस डोळे सुजलेले असणार, धरून न्यायला माणूस पाहिजे."

थोरलीला विमानात बसायची लहानपणापासून हौस. ती लगेच हो म्हणाली. माळ्यावरची बॅगसुद्धा काढून पुसून ठेवली. आपण आधी खड्डा दाखवायचा नाही आणि मग हात धरून त्याच खड्ड्यापर्यंत न्यायचं, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, आणि ती बॅगेचं कुलूप चालतं का ते बघत बसली.

मग एका रविवारी नणंद चहाला आली. धाकटीचं कौतुक चाललं होतं.

"एवढ्या लांब जाऊन डोळ्यांवर सुरी चालवून घ्यायची, धाडस आहे बाई तुझं," नणंद म्हणाली. "डॉक्टर कसा निवडलास?"

"निवडला म्हणजे? तीन महिने अभ्यास केला," धाकटी म्हणाली. "आणि खरं सांगू का वन्सं, टाका बघितला की मला कळतं हात कसा आहे ते. शेवटी सगळा जन्म माझा रफूतच गेला ना. पारख आहे मला."

थोरलीनं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"काय आहे तुला?"

"पारख म्हटलं."

"डोंबलाची पारख!" थोरली उभी राहिली. "एका बाईचे टाके उजव्यानं घातलेत, दुसरीचे डावऱ्यानं, आणि तिसरीच्या पापणीवर कुणीतरी शिकायला बसलंय! नुसती चुणीच चुणी. तुझा तो चांदीच्या केसांचा बाबा कापून हात धुऊन निघून जातो. शिवतं दुसरंच कुणी. दिसलं तुला? सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणे पारख!"

बोलून झालं आणि थोरलीला एकदम मोकळं वाटलं. आपण धाकटीला वाचवलं हे तिच्या ध्यानातच नव्हतं. ती आपली पारख परत ओढून घेत होती, दोरीवरचा आपला कपडा शेजारणीनं उचलला तर ओढून घ्यावा तशी.

नणंदेनं आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघितलं. "वहिनी, हे तुला कधी कळलं?"

थोरलीनं बशीतला चहा कपात ओतला.

"त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला," धाकटी हळू म्हणाली. "भिंग लावून बघितलंत. छान आहेत म्हणालात."

"म्हणाले."

"का?"

"ते म्हातारे आले होते कोट न्यायला. तुझ्या हाताला तोड नाही म्हणाले. तू हसलीस."

धाकटीनं कपाळाला आठ्या घातल्या. आठवून बघितलं. "कोण म्हातारे?"

एकोणीस वर्षांचं जळणं त्या दोन शब्दांत विझलं असतं तर बरं झालं असतं. उलट ते जास्तच भडकलं. जिच्यासाठी आपण इतकं जळलो तिला साधं आठवतसुद्धा नाही!

"माझे डोळे होते, जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर धाकटी पडदा सारून आत आली. इतक्या वर्षांत ती तिथं बसायला कधी आली नव्हती. स्टूल ओढलं, टॅब दिव्याखाली ठेवला.

"दाखवा. तुमच्या शब्दावर आता मी नाही राहायची. मला स्वतःला दिसलं पाहिजे."

थोरलीनं दाखवलं. चिंधी घेऊन आधी उजव्या हातानं चार टाके घातले, मग डाव्यानं. दोरा ओढून चुणी पाडून दाखवली. ही नजर तिनं कुणाला दिली नव्हती, मागितलीही नव्हती कुणी. धाकटी बावळट असती तर तिला आवडलं असतं. पण तासाभरात धाकटीनंच फोटोवर बोट ठेवलं. "ही खालची चौथी बाई बघा. हिची गाठ पण उलटी आहे. चौथा हात."

चौथी बाई थोरलीनं बघितलीच नव्हती. तिनं भिंग जवळ ओढलं. गाठ उलटीच होती.

धाकटीनं तिथंच बसून फोन लावला. या दवाखान्यांत दुभाषी बाया असतात.

"टाके कोण घालणार?"

पलीकडून बरंच काही आलं. धाकटी ऐकून म्हणाली, "टीम कळली हो. पण टीमचे हात किती? त्यातला माझ्या डोळ्यावर कोणता?" पुन्हा बरंच काही आलं. तिनं फोन ठेवून दिला. मग तिसरीकडे, चष्म्याच्या डॉक्टरणीकडे लावला. तिथं उत्तर दोन शब्दांत आलं. मीच घालते. दिवसाला दोनच बायका घेते, म्हणून थांबावं लागेल.

"थांबते," धाकटी म्हणाली.

सात आठवडे ती थांबली. त्या काळात दोघी कामापुरतं बोलल्या. जायला आठ दिवस उरले तेव्हा धाकटीनं हिशेबातलं एखादं काम सांगावं तसं सांगितलं, "सोबतीला वन्सं येतायत."

"बरं झालं," थोरली म्हणाली. तिनं बॅग माळ्यावर चढवली. त्या दिवसापासून तिला नणंदेचाही हेवा वाटायला लागला. नणंदेला खिडकीची जागा मिळाली, हेही तिला कुणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं.

धाकटी आणि नणंद गेल्यावर थोरली पुढच्या टेबलाशी बसली. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. फोटो आला होता, नणंदेनं काढलेला. धाकटीचे मिटलेले डोळे, सुजलेले, जांभळे. खाली एकच शब्द होता: बघा.

थोरलीनं दाराला कडी घातली, फोन घेऊन आत गेली आणि दिवा लावला. फोटो जेवढा मोठा होईल तेवढा केला. वरून भिंग धरलं. उजवी पापणी. मग डावी. मग परत उजवी. खोट शोधायला तिनं पाऊण तास घालवला. टाके एकाच बाजूला कललेले. अंतर सारखं. दोरा ना ढिला ना ओढलेला. पापणीच्या घडीत ते असे बसले होते की सूज उतरल्यावर कुणाला माग लागणार नव्हता. ओल्या, हलत्या, जिवंत कातडीवर असं काम. थोरलीला मेलेल्या लोकरीवरही असं जमत नव्हतं.

तिनं लिहिलं, 'हात एकच आहे. चांगला आहे.'

पाठवलं. मग पुन्हा फोटो उघडला. पुन्हा तोच हेवा वाटायला लागला, ओळखीचा. पण या खेपेला धाकटीचा नव्हे, नणंदेचा नव्हे. ती जाड भिंगांच्या चष्म्याची बाई, कधी न पाहिलेली, कुठं दूर बसून असे टाके घालते, आणि तिच्यासमोर पडदा नसतो.

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. थोरली उठली नाही. शेजारच्या खुंटीवर कालच पुरा केलेला एक कोट होता, संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. तिनं तो मांडीवर घेतला, रफू भिंगाखाली धरला, दोन टाके जरासे ओढलेले दिसले, आणि बारीकातली बारीक सुई शोधून तिनं तो रफू उसवायला घेतला.