वाळूतलं शिसं

मुलाकडे कायमचं राहायला आलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय, हा प्रश्न सिंगापूरमध्ये मनोहररावांना पहिल्या महिन्यातच छळू लागला. शेवटी रुचिरने, त्यांच्या मुलाने, वाढदिवसाला मेटल डिटेक्टर आणून दिला. तेव्हापासून म्हातारा रोज सकाळी कानाला हेडफोन लावून ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर वाळूत हिंडू लागला.

सोनं सापडेल अशी आशा होती, खोटं कशाला बोला. सापडायचं शिसं. गळ टाकणाऱ्यांची दोरी तुटली की तिला बांधलेली वजनं वाळूत राहतात, ती. मनोहरराव ती धुऊन माइलो पावडरच्या रिकाम्या डब्यात साठवत.

"आजोबा, सो हेवी लाह," म्हणत सहा वर्षांची नात, अवनी, डबा उचलायला बघायची.

"बाबा, शिसं आहे ते. तिच्या हाताला लागू देऊ नका," सून मधुवंती म्हणायची आणि पोरीला हात धुवायला पिटाळायची. मनोहररावांना या पिढीच्या घाबरटपणाचं हसू येई.

मधुवंतीकडे तिच्या आईचं पितळी पातेलं होतं. आई गेल्यावर माहेरून तिने एवढंच आणलं होतं. कल्हई उडाल्यामुळे ते कपाटात पडून होतं, कारण सिंगापुरात कल्हईवाला आणायचा कुठून? सुनेच्या घरात आपण नुसते जेवतो आणि झोपतो, ही टोचणी मनोहररावांना होतीच. ते पातेलं त्यांच्या मनात भरलं.

लहानपणी दारात कल्हईवाला बसला की ते शाळा बुडवून बघत बसत. तापलेल्या भांड्यात नवसागर, मग चांदीसारखी वितळणारी कांडी, मग कापसाचा बोळा. ती कांडी कथलाची असते. मनोहरराव मात्र जन्मभर तिला शिसं समजत आले होते. सगळी आळी त्याच भांड्यांत जेवली, कुणाला काय झालं? त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सुनेला अचानक खूश कसं करता आलं असतं?

नवसागर लिटल इंडियात मिळाला, शिसं डब्यात होतंच. मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर त्यांनी कॉन्डोच्या बार्बेक्यूच्या शेगडीवर कल्हई केली. जमली जरा काळपट, पण जमली.

मधुवंती पातेलं बघून रडली. सासऱ्यांच्या पाया पडली. त्या दिवसापासून आमटी असो की टोमॅटोचं सार, त्याच पातेल्यात होऊ लागलं. मनोहरराव घरात ताठ मानेने वावरू लागले.

काही महिन्यांनी अवनीचं पोट दुखायला लागलं. ती जेवेना, उगाच चिडायची. वाचता येणारे शब्द तिला आठवेनात, असं शाळेतून कळवलं. रक्त तपासलं तर रक्तात शिसं. डॉक्टरांनी घरातल्या रंगाबद्दल विचारलं, आयुर्वेदिक औषधांबद्दल विचारलं. मेंदूवर झालेला परिणाम भरून येईलच असं सांगता येत नाही, म्हणाले.

रुचिरने घरी येताच माइलोचा डबा आणि डिटेक्टर दोन्ही काढून टाकले. मनोहरराव मान खाली घालून बसले. आपल्या छंदापायी पोर आजारी पडली, या विचाराने ते सकाळी किनाऱ्यावर जाईनासे झाले.

पण डबा गेला तरी पुढच्या तपासणीत रक्तातलं शिसं वाढलेलंच निघालं.

त्या संध्याकाळी मधुवंती पातेल्यातून वाटीत सार वाढत होती.

"दुसरं काही जात नाही तिला. हे तरी पोटात जाऊ दे."

मनोहररावांनी पातेल्यात पाहिलं. कल्हई जाऊन तळाशी पुन्हा पितळ दिसत होतं. त्यांनी वाटीवर हात ठेवला आणि कल्हई कशाची केली होती ते सांगून टाकलं.

मधुवंती ओरडली असती तर त्यांना सोसलं असतं. ती ओरडली नाही. आत खोलीत अवनी पडून होती, त्या दाराकडे बघत राहिली.

"नको म्हणायची हो ती, बाबा," ती म्हणाली. "मीच गोष्टी सांगून सांगून भरवत होते."