वही घेऊन ये

एका हातात वाडगा होता, म्हणून दुसऱ्या हाताने मी व्हर्लिनच्या दारावर दोनदा हलकेच टकटक केली, आणि तिथेच माझं चुकलं. जित्याची खोड, दुसरं काय. त्याच मजल्यावरच्या चार दारांवर मी त्या सकाळी अशीच टकटक करून आलो होतो.

आतून लगेच आवाज आला, "आलो, काका. एक मिनिट."

वाडग्यात पीच घालून भाजलेलं गोड होतं, वर साखरेचा खरपूस पापुद्रा. व्हर्लिनचा त्या दिवशी चौतिसावा वाढदिवस. मेसच्या ऑटिलीबाईंनी सगळ्यांच्या आधी उठून त्याच्यापुरतं केलं होतं आणि गरम आहे तोवर पोचव म्हणून माझ्या हातात दिलं होतं. खिडकीबाहेर मक्याच्या शेतांवर धुकं असं दाटलं होतं की मैदानावरच्या गोलखांबांचे पाय दिसतच नव्हते, नुसती टोकं हवेत तरंगत होती. ओहायोतल्या शेतकी कॉलेजचं हे वसतिगृह उन्हाळ्यात सहा आठवडे सरावासाठी आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाकडे असायचं. ऑगस्टच्या अखेरीला रोज पहाटे असं धुकं यायचं आणि त्या लांबलचक व्हरांड्यात मला माझीच पावलं दुसऱ्या कुणाची तरी वाटायची.

मी संघात नेमका कोण, हे माझ्या बायकोलाही कधी कुणाला धड सांगता आलं नाही. बूट मोजून घ्यायचे, टॉवेल पुरवायचे, निरोप पोचवायचे. पण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मला एकच काम असायचं. ज्यांना संघातून काढायचं त्यांची यादी कोच माझ्याकडे द्यायचे. पोरं न्याहारीला उतरायच्या आत मी एकेकाच्या दारावर दोनदा टकटक करायचो आणि एक वाक्य बोलायचो, "कोचनी बोलावलंय. वही घेऊन ये." वही म्हणजे संघाच्या सगळ्या डावांची जाडजूड वही. ती परत मागितली की खेळाडूला पुढचं काही सांगावं लागत नाही. कुणी रडायचं, कुणी दार तोंडावर आपटायचं. एक जण तर खिडकीतून उडी मारून मक्यात लपला होता आणि दुपारी भूक लागल्यावर आपणच वही घेऊन आला. पोरं पाठीमागे मला यमदूत म्हणायची. बावीस वर्षं मी ते हसण्यावारी नेलं, पण घरी गेलो की आठवडाभर मला कुणाच्या दारावर टकटक करवायची नाही. शेजाऱ्यांकडेसुद्धा मी अंगणातूनच हाक मारायचो.

व्हर्लिन स्टोक्सच्या दारावर मात्र त्या आठवड्यात मी कधी उभा राहिलो नव्हतो. पहिल्या वर्षी त्याचं नाव यादीत होतं. आदल्या दिवशी दुसऱ्या एकाचा गुडघा मोडला आणि कोचनी पेन्सिलीने ते नाव खोडलं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. मिसिसिपीतल्या, माशांच्या तळ्यांमध्ये वसलेल्या एका गावातून आलेला तो पोरगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानंतरची अकरा वर्षं तो आमचा मधला लाइनबॅकर होता. पुढच्या फळीतले धिप्पाड गडी एकमेकांना भिडतात, त्यांच्या चार पावलं मागे हा उभा. चेंडू सुटायच्या आधी समोरच्यांच्या मनात काय आहे ते ओळखायचं आणि ओरडून आपल्या दहाजणांना सांगायचं, हे याचं काम. ओरडायला प्रत्येक संघाचे ठरलेले शब्द असतात. व्हर्लिनने ते बदलून आपल्या मावश्यांची नावं ठेवली. डावीकडे सरायचं असलं की लुला, उजवीकडे सरायचं असलं की रोझेटा. ऐंशी हजार माणसांच्या गलक्यात अकरा दांडगे गडी लुलामावशीच्या नावाने धावायचे. ती एकदा सामना बघायला आली आणि स्वतःचं नाव ऐकून लाजून अर्धा वेळ पर्सच्या आड बसली होती.

त्याला पेपरवाल्यांनी फारसं डोक्यावर घेतलं नाही. वेगात तो बेताचाच होता, ताकदीतही त्याच्यापेक्षा सरस पुष्कळ होते. पण त्याने मला एक गुपित सांगितलं होतं आणि तेव्हापासून मी खेळ वेगळाच बघायला लागलो.

"काका, चेंडूकडे बघू नका," तो म्हणाला होता. "समोरच्या गड्याने जमिनीवर हात टेकलेला असतो ना, त्याची नखं बघा. पांढरी पडली म्हणजे सगळा भार हातावर आहे, गडी पुढे मुसंडी मारणार. नखं गुलाबी असली की भार पायांवर, तो मागे सरणार. माणूस तोंडाने थापा मारेल. नखं नाही मारत."

दार उघडलं. व्हर्लिन इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. पलंग नीट आवरलेला, त्यावर बांधलेली बॅग. आणि दोन्ही हातांत, छातीशी धरलेली वही. ती त्याने माझ्यापुढे केली, तेव्हा कुठे त्याला वाडगा दिसला.

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, तो वही पुढे करून आणि मी पीच.

मग मला हसू आलं. म्हटलं, वेड्या, तू यादीत नाहीस, तुझा वाढदिवस आहे, ऑटिलीबाईंनी हे दिलंय, आणि टकटक तशी झाली ती हाताच्या सवयीने. मला वाटलं त्याचा जीव भांड्यात पडेल, तो मला दोन शिव्या घालेल आणि आम्ही वाडगा संपवू. तो हसला नाही. पलंगाच्या कडेवर बसला आणि बॅगेकडे बघत राहिला. मी विचारलं, बॅग कशी भरलेली? तर म्हणाला, दर वर्षी या सकाळी तो बॅग भरून, कपडे घालून बसतो. अकरा वर्षं. व्हरांड्यात माझी पावलं ऐकतो. ती दारावरून पुढे गेली की बॅग रिकामी करतो आणि न्याहारीला खाली येतो. मी इतकी वर्षं त्याला न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांची टिंगल करताना बघत आलो होतो. मला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

"आज टकटक ऐकली," तो म्हणाला, "आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं."

मी वाडगा टेबलावर ठेवला. धुक्यातून येणारा उजेड त्या खोलीत दुधासारखा पसरला होता, आणि तो त्यातच कुठेतरी बघत बोलत होता. सांगत होता की त्याला एकच स्वप्न पडतं. मैदान आहे, पण गुडघाभर पाणी आहे, गावाकडच्या तळ्यासारखं. समोरचे गडी पाण्यात हात टेकून बसलेत. त्यांची नखं बघायची आहेत, पण पाणी हलतं आणि बोटं दिसत नाहीत. मागे त्याचे दहाजण शब्दाची वाट बघत उभे. तो तोंड उघडतो आणि मावशीचं नाव आठवत नाही.

"हे स्वप्नात होतं तोवर ठीक होतं, काका. काल सरावात मी लुला म्हणून ओरडलो आणि स्वतः उजवीकडे धावलो. टोबिनने सांभाळून घेतलं. कुणाला बोलला नाही तो. भला पोरगा आहे."

टोबिन म्हणजे त्याच्या शेजारी खेळणारा, दुसऱ्या वर्षातला. मी म्हटलं, एखादा दिवस असा येतो, नऊ दिवसांवर मोसम आलाय, एक वर्ष अजून खेळ, मग बघू. आज लिहिताना मला लाज वाटते, पण मी त्याच्यासाठी बोलत नव्हतो. मला रविवारी त्याला तिथे मधोमध उभा बघायचा होता. माझ्या आयुष्यात बघण्यासारखं तेवढंच होतं.

मग त्याने मार्चमधली गोष्ट सांगितली. मुलीला, सात वर्षांच्या ज्युनेलला, शाळेतून आणायला तो गाडी घेऊन निघाला आणि दुसऱ्याच गावात पोचला. तिथल्या एका शाळेसमोर गाडी लावून थांबला. शाळा सुटली, पोरं गेली, फाटक लागलं. शिपायाने येऊन विचारलं, कुणाला न्यायला आलात?

"मला तिचं नाव आठवेना," व्हर्लिन म्हणाला. "चेहरा होता डोळ्यासमोर. पुढचा दात पडलेला, तोही दिसत होता. नाव नव्हतं."

मी त्याच्या शेजारी बसलो. इतक्या वर्षांत त्याने किती वेळा डोकं आपटून घेतलं, हे माझ्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. दर वेळी मी बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओतायचो, नाकाशी उग्र वासाची कुपी धरायचो आणि पाठीवर थाप मारून त्याला परत पाठवायचो. त्याच हाताने मी आता गुडघा चोळत बसलो होतो.

मी म्हटलं, मग कोचना जाऊन सांग, आत्ता. ते माणूस आहेत, समजून घेतील.

"ते हात धरून खुर्चीत बसवतील. माझ्याशिवाय संघाचं कसं व्हायचं म्हणतील. दहा मिनिटांत मी हो म्हणेन. तसंच होतं माझं, गेल्या वर्षीही झालं." त्याने वही मांडीवर सरळ केली. "पण तुमच्या हातात गेलेली वही आजवर कुणाला परत मिळाली नाही. बाहेर जा, काका. परत टकटक करा. वाक्य म्हणा."

"तुझं नाव यादीत नाही रे."

"तुम्ही म्हटलंत की असेल."

हे काम माझ्या गळ्याशी येणार हे कळत होतं. कोच मला त्याच दिवशी दुसरी यादी दाखवतील आणि तीत एकच नाव असेल. पण ते नंतरचं. त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं की हे माझ्याच्याने होणार नाही. शेकडो पोरांना मी ते वाक्य न अडखळता ऐकवलं होतं, कारण ती माझी कुणी नव्हती.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. खाली भांड्यांचा आवाज येत होता, मैदानावर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू करत होतं आणि ते घरघर करून बंद पडत होतं. मनात आलं की असाच निघून जावं. पावलं पुढे गेलेली ऐकून तो बॅग रिकामी करेल, न्याहारीला येईल, रविवारी मैदानात उतरेल. एक पाऊल मी टाकलंही. मग ज्युनेल डोळ्यासमोर आली, आपल्या शाळेच्या फाटकाशी बापाची वाट बघत उभी.

मी दोनदा टकटक केली.

"कोण?" तो म्हणाला, जसं सगळेच म्हणायचे.

"हायरम," मी म्हणालो. "कोचनी बोलावलंय, व्हर्लिन. वही घेऊन ये."

दार उघडलं. त्याने वही पुढे केली. एवढी वर्षं वही घेताना मी पोरांच्या तोंडाकडे बघायचं टाळत आलो. त्या दिवशीही नाही बघितलं. मी त्याच्या हातांकडे बघितलं. वहीच्या कडेवर त्याची मोडून वेडीवाकडी जुळलेली आठ बोटं होती, आणि आठही नखं गुलाबी होती.

मी वही घेतली. त्याने बॅग खांद्याला लावली, टेबलावरचा वाडगा उचलला, आणि जिना उतरता उतरताच खायला लागला.