पाहणीच्या आधी आवरलेली खोली

“झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व,” ती जमिनीवरूनच म्हणाली.

सासूबाईंचं फरशी पुसायचं माप: फिनेलची दोन बुचं, अर्धी बादली पाणी.

उजव्या मनगटाचं हाड मोडलं की डाव्या हाताला कळतं, आपण आजवर किती आळशी होतो.

“अगं, त्यांना चहा तरी विचार!” सासूबाई फोनमधल्या तपासनिसाकडे बघत म्हणाल्या.

आता नीट सांगायचं तर, ती एका कंपनीचे तक्रारीचे फोन घरून घ्यायची. एक कॉल चालू असताना पाणी आणायला उठली, खोलीच्या मधोमध गेलेल्या इंटरनेटच्या वायरीत पाय अडकला आणि हातावर आपटली. हेडफोन डोक्यावरच होते. पलीकडच्या गिऱ्हाइकाने विचारलं, कसला आवाज झाला? आणि तिच्या तोंडून सवयीने ते वाक्य निघालं.

घर हेच ऑफिस झाल्यापासून घरात पडणं म्हणजे ऑफिसात पडणं, असा कंपनीचा नवा नियम होता. पडण्याचं कारण म्हणून वायर मान्य झाली तर प्लास्टर निघेपर्यंत भरपगारी रजा. नाही झाली तर सोमवारपासून कामावर. पाहणी व्हिडिओ कॉलवर होणार होती.

हे घरात कळलं आणि सासूबाईंनी पदर खोचला.

पाहणीच्या दिवशी ती दवाखान्यातून परतली, तर खोली ओळखू येईना. फरशी आरशासारखी, टेबलावर कपडा, कपड्यावर फुलदाणी.

“आई, वायर कुठंय?”

“कुठली? ती होय! गुंडाळून माळ्यावर टाकली. चार माणसं घर बघणार आणि मधोमध ते काळं वेटोळं?”

“एकच माणूस आहे. तोही फोनमधून.”

“त्याच्या मागे बाकीचे उभे असतील. तुला काय दिसतंय?”

तेवढ्यात फोन वाजला. तपासनीस पोरगेलासा होता, अगदी आदबशीर. टेबल दाखवा म्हणाला. खुर्ची दाखवा म्हणाला. मग म्हणाला, “पडलात ती जागा?”

तिने डाव्या हाताने फोन खाली वळवला. फरशीत तिचाच चेहरा दिसला.

“छान ठेवलंय हो घर,” तपासनीस म्हणाला. “नेहमी असंच असतं?”

या प्रश्नाला खरं उत्तर देणारी बाई अजून जन्माला यायची आहे. सासूबाई मागून पुढे सरसावल्या. “नेहमी! दोन्ही वेळा पुसते मी. आमच्याकडे वस्तू लोळलेली दिसायची नाही तुम्हाला.”

“सर, हे आज आवरलंय,” ती घाईने म्हणाली. “त्या दिवशी इथे वायर होती. आई, सांगा ना!”

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या स्टुलावर चढल्या, माळ्यावरून वेटोळं काढलं आणि दारापासून टेबलापर्यंत, हाताने सुरकुत्या काढत, वायर सरळ अंथरली.

“अश्शी होती. घ्या फोटो.”

“आजी, आता अंथरलेली वायर मी कशी धरू? मला दिसतं तेच लिहावं लागतं.”

“मग मघाशी दिसलं नव्हतं, तेव्हा काय लिहिलंत?”

“दिसलं नाही, असं.”

दोन दिवसांनी निकाल आला. दावा नामंजूर. मात्र घरून काम करणाऱ्यांसाठी आदर्श खोली म्हणून पाहणीत काढलेला त्या खोलीचा फोटो कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठवला होता. सासूबाईंनी तो फोटो फोन लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, आणि हसू येऊ नये म्हणून ओठ मिटून घेतले.

“फुलदाणी जरा डावीकडे हवी होती,” त्या म्हणाल्या. मग तिच्या प्लास्टरकडे बघून हळूच म्हणाल्या, “सोमवारी मी बसते शेजारी. तू बोल, बटणं मी दाबते.”

“तुम्हाला अक्षरं सापडायला संध्याकाळ होईल.”

“होऊ दे. तू तोवर क्षमस्व म्हणत राहा.”

वायर टाकायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, “ताई, भिंतीच्या कडेने नेऊ का?” ती म्हणाली होती, “राहू दे, माझा कॉल सुरू व्हायचाय.”